जोडाल तसा सूर

चालत्या यंत्राला हात लावू नये, असा मध्यमवर्गीय घरांतला एक अलिखित दंडक आहे. बिघडलेच तर दुकानात न्यावे. उघडून मात्र पाहू नये! मला जडलेला छंद नेमका या दंडकाच्या उलट जातो. तो म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर.

नाव भारदस्त असले, तरी वस्तू आपल्या मिसळणाच्या डब्यासारखी. एक मॉड्यूल आवाज काढते, दुसरे तो गाळते, तिसरे त्याला चढउतार देते. नुसती हळद किंवा नुसती मोहरी म्हणजे भाजी नव्हे. तसेच इथे तारा जोडाल तेव्हाच संगीत. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, अशी यंत्रे बांधायला घेतली.

मूगच्या पद्धतीत विजेचा दाब एका व्होल्टने वाढला, की सूर एक सप्तक वर चढतो. गंमत ही, की व्होल्टला पायऱ्या नसतात. मींड येत नाही, श्रुती निघत नाहीत, या आक्षेपांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बिचाऱ्या पेटीला दार बंद केले होते. इथे तर बटण हळूच फिरवले, की षड्जावरून रिषभावर घसरत जावे!

त्याहून मोठी मौज मॉड्यूल उघडण्यात आहे. सुराला झोके देणाऱ्या एका मॉड्यूलमधला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मी डाख वितळवून काढला आणि तिथे दहाचा बसवला. झोका दहापट संथ झाला. थरथरणारा सूर जणू श्वास घेऊ लागला. "आत्ता कुठं हे शहाण्यासारखं वागतंय," असा हिचा अभिप्राय पडला. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावणारा तरी दुसरे काय करतो?

हे परदेशी खूळ म्हणाल, तर ऐका. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूगचे यंत्र आले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. ते काम १९७२ पर्यंत चालले. पुढे फिती पडून राहिल्या आणि त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या २०२३ साली, अर्धे शतक उलटल्यावर!

यंत्र होते, कान होते, धाडसही होते. वारसा तुटायला आग लागावी लागत नाही. पुढच्यांनी हात न लावणे पुरते.

तेव्हा या दिवाळीत चिरंजीवांनी सेलवर चालणारे एखादे जुने खेळणे खोलायला घेतले, तर रागावू नका. स्क्रू तेवढे बशीत ठेवायला सांगा.