जिल्ह्याची पत्रे आणि जगाची पारितोषिके

उत्तम वृत्तलेखनास पारितोषिके देण्यासाठी देशोदेशींच्या संस्था स्पर्धा भरवितात, हे आमच्या वाचकांस ऐकून ठाऊक असेलच. ह्या स्पर्धांत मराठी पत्रांनी, त्यांतही जिल्ह्याच्या पत्रांनी, आपले काम पाठवावे असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. माकुणसारास बसून ही भाषा कित्येकांस हास्यास्पद वाटेल. सफाळ्याच्या वार्ताहराची बातमी पालघरापलीकडे कोण वाचतो, मग परदेशाची गोष्ट कशाला, असे ते म्हणतील.

पण ह्या किनारपट्टीवर घडते आहे ते तरी काय, ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी मोजणी केली, तीत तारापूरचा क्रमांक प्रदूषणात पहिला लागला. तेथील सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. वाढवण बंदरास डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 साली नकार दिला, त्याच प्राधिकरणाने 2023 साली संमती दिली, आणि 76,220 कोटी रुपयांच्या त्या कामाची कोनशिला 30 ऑगस्ट 2024 रोजी बसली. जव्हार-मोखाड्याकडील बालके 1992 साली भुकेने दगावली, तेव्हापासून कुपोषण हा शब्द आमच्या पत्रांतून गेलेला नाही. मासेमार, बंदर, विषारी पाणी, भूक ह्या गोष्टी ब्राझीलात व इंडोनेशियातही आहेत. ज्यास आम्ही स्थानिक म्हणून पाचव्या पानावर तीन इंचांची जागा देतो, तेच जगास हवे आहे. पुढे होते ते असे की मुंबईहून इंग्रजी पत्राचा कोणी बातमीदार येतो, आमच्याच वार्ताहराच्या दुचाकीवर बसून गावे पाहतो, त्याच्याच ओळखीने माणसांस भेटतो, आणि पारितोषिकास त्याचा लेख जातो. त्यात त्या पाहुण्याचा दोष नाही. त्याने अर्ज केला, आम्ही केला नाही.

भाषेची सबब तर मुळीच टिकत नाही. मॅगसेसे पारितोषिक 1961 साली कलकत्त्याच्या ‘जुगांतर’ ह्या बंगाली दैनिकाच्या अमिताभ चौधरी ह्यांस मिळाले. 2019 साली ते हिंदीतून काम करणाऱ्या रवीशकुमारांस मिळाले. चित्रकूटकडील ग्रामीण स्त्रियांनी 2002 साली बुंदेलीत काढलेल्या ‘खबर लहरिया’ पत्रास 2009 साली युनेस्कोचे साक्षरता-पारितोषिक लाभले. महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांचे दुःख जगापुढे मांडणाऱ्या पी. साईनाथांस 2007 साली मॅगसेसे मिळाले, पण त्यांचे लेखन इंग्रजीत होते. ज्या विदर्भाविषयी त्यांनी लिहिले, तेथील आत्महत्या मराठी पत्रे रोज छापीत होती. मॅगसेसेसाठी आपण होऊन अर्ज करावयाचा नसतो, दुसऱ्याने नाव सुचवावे लागते, हे खरे. तथापि कित्येक स्पर्धा कोणत्याही भाषेतील लेख घेतात. सोबत इंग्रजी भाषांतर किंवा सारांश असला म्हणजे झाले.

दुसरा पूर्वपक्ष असा की, परक्यांच्या शाबासकीची हाव हे गुलामी मनाचे लक्षण होय. हे बोलणारांनी घोलवडच्या चिकूचा विचार करावा. तो चिकू गोड होताच. पण बागाइतदारांच्या संघाने कागदपत्र करून 2016 साली भौगोलिक मानांकन मिळविले, तेव्हा त्या नावावर कायद्याची मोहोर बसली. त्यात कोणाचा स्वाभिमान बुडाला असे आमच्या व्यापारी बंधूंस वाटत नसावे.

शिवाय येथे मानपत्रापेक्षा मोठी गोष्ट पणास लागली आहे. राजापूरचे शशिकांत वारिशे बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी लिहीत असत. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांच्या दुचाकीवर मोटार घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी ते मरण पावले आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2017 सालचा कायदा होता. वारिशे त्याने वाचले नाहीत. पारितोषिकाने माणूस अभेद्य होतो असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे नाव दहा देशांतील संपादकांस ठाऊक आहे, त्याच्या अंगावर हात टाकताना गुंड दोनदा विचार करील. शोधपत्रकारांच्या जागतिक जाळ्याचे ‘ग्लोबल शायनिंग लाइट’ पारितोषिक तर धमक्या व संकटे सोसून विकसनशील देशांत केलेल्या कामासाठीच आहे. ते आमच्या वार्ताहरांसाठीच निर्माण झाले आहे असे म्हटले तरी चालेल.

एक इशारा मात्र देतो. प्रवेशशुल्काच्या नावाने हजारो रुपये उकळून, वर शाल व ढाल देणारी दुकानेही पुष्कळ निघाली आहेत. त्यांच्या दारी जाऊ नये. परीक्षक कोण, मागील साली कोणाचे कोणते काम निवडले, हे जी संस्था उघड सांगत नाही तिला दुरूनच नमस्कार करावा.

आता मालकांस दोन शब्द. जाहिराती गोळा करीत हिंडणाऱ्या आणि महिन्याकाठी जेमतेम पेट्रोलापुरते मानधन मिळविणाऱ्या वार्ताहराने भाषांतराचा खर्चही सोसावा ही अपेक्षा लज्जास्पद आहे. कचेरीत कात्रणांची तारीखवार वही ठेवावी. कागदपत्रांच्या प्रती, छायाचित्रे व मुलाखतींच्या टाचणांचा साठा जपावा, कारण परीक्षक पहिल्याने पुरावा मागतात. सलग सहा महिने एका विषयाचा पाठलाग करण्यास एक तरी मनुष्य मोकळा सोडावा. भाषांतराचे काम पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांतील इंग्रजीचे अध्यापक आनंदाने करतील, आणि त्यांस द्यावयाचे पारिश्रमिक येथील व्यापारी मंडळांनी वर्गणीने उभारावे. दिवाळी अंकाच्या एका पानाच्या जाहिरातीइतकाही तो खर्च येणार नाही.