शेवट ठाऊक असलेली पुस्तकं

कोल्हापूरच्या वायव्येला, पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचं देऊळ आहे. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. आपल्या कुलदैवताच्या अंगणात शिंदे घराण्याने केलेल्या या दोन बांधकामांच्या मधल्या काळात पानिपत घडलं. राणोजींचे पुत्र दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. नातू जनकोजी वर्षभराने पानिपतात गेले. पुत्र महादजी पायाला कायमची जखम घेऊन तेवढे वाचले.

पानिपतावर त्या दिवशी पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? हा प्रश्न मराठी घराघरांत विचारला गेला आहे. त्याची विज्ञानकथा केली ती जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला ट्रकची धडक बसते आणि तो एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतो. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. ग्रंथालयात बसून तो इतिहासाचे खंड एकेक करून चाळतो. ओळखीचा इतिहास पानिपतापाशी येऊन वळण घेतो. परत येताना त्याच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान राहतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, की गोळी विश्वासरावांना चाटून गेली. कथेचा सगळा भार त्या चतकोर कागदावर आहे. पुंजभौतिकीचं स्पष्टीकरण पुढे येतंच, पण वाचकाच्या मनात घर करतं ते पान.

यंदाचा अंक अशा पुन्हा वाचलेल्या विज्ञानकथा-कादंबऱ्यांना आणि रहस्यकथांना वाहिलेला आहे. त्याला निमित्तही आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा शास्त्रज्ञ, वडील विष्णु वासुदेव नारळीकरही कोल्हापूरचेच, आणि आजोळ इथल्याच हुजूरबाजारांचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवून हे नाव बेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते जगतापांना! नावाच्या दबदब्याविना आपली कथा उभी राहते का, हे या माणसाला पारखून घ्यायचं होतं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ मध्ये लिहिली होती, तेव्हा शास्त्रज्ञाने गोष्ट सांगण्यात कमीपणा मानायचा नसतो, हे बाळकडू तिथलंच.

पुन्हा वाचताना सर्वांत वेगळी लागते ती ‘वामन परत न आला’. जमिनीखाली सापडलेली, एका लुप्त झालेल्या संस्कृतीने मागे ठेवलेली पेटी. तिच्यातल्या ज्ञानावरून घडवलेला वामन नावाचा यंत्रमानव. आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव स्वतःच घडवायची त्याची आस. ऐंशीच्या दशकात ही दूरची कल्पना वाटली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता शाळकरी पोरांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि बळीकडे तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूचं नाव नारळीकरांनी त्या यंत्राला का दिलं असेल, ते आता अंगावर काटा आणत उमगतं.

रहस्यकथेची परीक्षा मात्र अधिक कडक. खुनी कोण हे एकदा कळलं की दुसऱ्यांदा वाचायचं कशासाठी? बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना हा प्रश्न कधी पडला नाही. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. ती वाचली जायची झुंजारसाठी, काळा पहाडसाठी, धनंजय आणि छोटूच्या जोडीसाठी. गुन्हेगाराचं नाव लोक विसरले, झुंजारला विसरले नाहीत. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास हेही असेच लक्षात राहिलेले. नारायण धारपांची तर गोष्टच निराळी. २०२५ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ मध्ये आला आणि त्यामागे धारपांची कथा आहे हे कळल्यावर नव्या पिढीने त्यांची पुस्तकं शोधायला घेतली. त्यांच्या कथेतलं भय म्हणजे माजघरातलं, ओळखीच्या माणसाच्या आडून येणारं भय. शेवट ठाऊक असला तरी ते ओसरत नाही.

मराठी समीक्षेने या लेखकांची उपेक्षा केली, हे स्पष्टच म्हणायला हवं. त्यांना आधार दिला तो दिवाळी अंकांनी. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पुढे अनंत अंतरकरांचा ‘नवल’ आणि नंतर ‘धनंजय’ यांनी गूढ, रहस्य आणि विज्ञान यांना हक्काची पानं दिली. ज्यांनी लाखो माणसांना वाचायची गोडी लावली, त्यांची पुस्तकं मात्र नीट जपली गेली नाहीत. खिशात मावणारी, हलक्या कागदावरची ती पुस्तकं फिरत्या वाचनालयांतून हातोहात फिरली आणि फाटेपर्यंत वाचली गेली. कोल्हापुरात १८५०पासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. पण जे पुस्तक कपाटात शिरलंच नाही, ते कुठलं ग्रंथालय राखणार?

तेव्हा वाचकहो, दिवाळीची आवराआवर अजून व्हायची असेल, तर माळ्यावरचा गठ्ठा तराजूत जाण्याआधी एकदा सोडून पाहा. मुखपृष्ठ गेलेलं असेल, पानं पिवळी पडली असतील, पण आत झुंजार, धारपांचा समर्थ किंवा ‘नवल’चा एखादा जुना अंक निघाला तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन दाखवा, आणि देण्यापूर्वी स्वतः एकदा वाचा.