पोती मोजता, पेंढ्या कोण मोजणार?



परवा एक नवे कृषी सहायक रानात आले होते. मालदांडी बघून म्हणाले, "काका, अजून हेच? सुधारित बियाणं का धरत नाही?" पोरगं चांगलं आहे, बांधावर येतं तरी. पण उभ्या उभ्या उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पहिली गोष्ट, मालदांडी ३५-१ हे पण सुधारितच. गावरान मालदांडीतनं निवडून आपल्या मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात तयार केलेलं. आज्यानं धरलं, बापानं ठेवलं, मी पेरतोय. शेतकरी नवं घेत नाही असं कोण म्हणतं? घेतो, आणि पटलं तर तीन पिढ्या सोडत नाही.

पटतं कशावर? नुसत्या पोत्यांवर नाही. रब्बी ज्वारी म्हणजे एका रानात दोन पिकं, वर दाणे आणि खाली कडबा. दावणीला दोन म्हशी असल्या की उन्हाळ्यात कळतं. ज्यानं बुटकं वाण केलं, तो दाणे विकून शेकड्यानं कडबा आणतो. १९६४ला सीएसएच-१ आला, खरिपात हायब्रीडनं पोती भरली, गरिबाची चूल पेटली, हे नाकारायचं नाही. पण पावसात सापडली की कणसं काळी पडायची, भाकरीला चव नाही, आणि बी दरवर्षी विकत. पुढं रब्बीतही हायब्रीड आली, पण मालदांडीला हलवू शकली नाहीत.

मग मी जुनंच धरून बसलोय का? तर नाही. तीन वर्षांमागं भारी रानात वीस गुंठे फुले वसुधा केली. बी भावकीतनं आणलं, त्याचं पीक डोळ्यानं बघून. पहिल्या सुगीला घरात भाकरी थापली. मंडळी म्हणाल्या, "चिरत नाही, गोड लागती." निकाल तिथंच लागला. आता दीड एकर आहे. माळाच्या हलक्या रानात मात्र वसुधा नेली नाही. तिथं फुले अनुराधा, ओल संपायच्या आत निघते. हलक्या रानात भारीचं बी टाकून वाणाला शिव्या देणारे आपल्यातच कमी नाहीत.

आणि ही सरळ वाणं, बी घरचं धरता येतं. एकराला ४ किलो तर लागतं. फक्त ज्वारीत थोडा परपराग होतोच, म्हणून रानाच्या मधली एकसारखी कणसं काढणीआधीच निवडा. पेरताना किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा, काणीचा त्रास राहत नाही. तीन-चार वर्षांनी प्रमाणित बी नवं आणा.

तर साहेब, प्रात्यक्षिकाच्या पाटीवर एकरी क्विंटल लिहिता, त्याच्याखाली कडब्याच्या पेंढ्या पण लिहा. शेतकरी दिनाला त्याच ज्वारीची भाकरी खाऊ घाला. बायकांना बोलवा, पारख त्यांना आहे.

अनुराधाचा कडबा कुणी घातला असला तर जनावर कसं खातंय ते कळवा. माझी एक म्हैस नाक मुरडते.