नकाशातलं पाणी आणि आमच्या घरातलं

पुराचा नकाशा आता संगणकात बनतो. पाऊस किती, भरती किती, जमीन कुठं उंच कुठं सखल, नाला किती रुंद, हे सगळं त्यात भरायचं. सॉफ्टवेअर शहराचे चौकोन पाडतं आणि दर चौकोनात पाणी किती चढेल ते निळ्या रंगात दाखवतं. चौकोन जितका लहान तितका नकाशा बारकाव्याचा. साहेबलोक त्या निळाईवर खूश.

मी गोदीत ओझी उचलणारा मॅट्रिक पास माणूस. माझा एकच सवाल : चौकोन बारीक केलात, जमिनीचं माप बारीक केलंत काय?

२००० साली अवकाशयानातल्या रडारनं जगाची उंची मोजली. ते माप फुकट मिळतं, म्हणून जगभर वापरतात. त्याचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा. धारावीत तेवढ्यात अख्खी गल्ली बसते, खोल्या, नळ, गटारासकट. आणि दाटीच्या वस्तीत रडारला जमीन दिसतच नाही, पत्रे दिसतात. छपरालाच ते जमीन समजतं. म्हणजे नकाशात आमची वस्ती टेकाडावर, कोरडी. अन् घरात कमरेएवढं पाणी! असल्या मापाचे एकेक मीटरचे तुकडे पाडले तर चित्र गुळगुळीत होतं, खरं होत नाही. विमानातून लेझरनं मोजलं तर गल्लीचा उतार सापडतो. पण त्याला पैसा लागतो. तो कुणाच्या जमिनीसाठी निघतो ते बघा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. वर भरती. मिठी फुगली. मिठीकाठी भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं, विमानतळासाठी नदी वळवली, दोष मात्र झोपड्यांचा. नकाशाचंही तेच होणार. निळा रंग आमच्यावर पडला की म्हणतील, 'पूररेषेत आहात, उठा.' नाही पडला तर म्हणतील, 'धोका नाही, गटार कशाला हवं?' दोन्हीकडून मरण आमचंच.

म्हणून नकाशा फाडू नका, मागा. २०२० मध्ये मुंबईसाठी आय-फ्लोज ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. तो इशारा वस्तीच्या फळ्यावर लागला पाहिजे, मराठीत, गुडघा-कंबर-छाती असा. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा टेपनं मोजा, नकाशाशी ताडून बघा. जुळलं नाही तर खोटी भिंत नाही, खोटा नकाशा.

आम्हाला गावकुसाबाहेर ठेवणारी रेघ त्यांनी आखली. नाल्याकाठची रेघ आम्हाला विचारल्याशिवाय आखू देणार नाही.