परसातील पारिजातक

ज्यांच्या घरापुढे थोडी मोकळी जागा आहे, पण आंबा-फणसासारखा मोठा वृक्ष तेथे सामावणार नाही, अशा कुटुंबांनी पारिजातकाचा विचार अवश्य करावा. हे झाड आपल्या देशातलेच. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत आणि मध्य भारताच्या रानांत ते आपोआप वाढते. उत्तरेकडे त्यास हरसिंगार म्हणतात, बंगालीत शिउली, तर तमिळ भाषेत पवळमल्ली, म्हणजे पोवळ्याची मल्लिका. पश्चिम बंगालचे ते राज्यपुष्प आहे.

रोप लावण्यापूर्वी पाहावयाची ती झाडाखालची जमीन. ही फुले तिन्हीसांजेनंतर उमलतात व पहाटे गळून पडतात. त्यांची शोभा फांदीपेक्षा भुईवरच अधिक. एरवी खाली पडलेले फूल देवाला वाहत नाहीत, याचे मात्र वाहतात. हल्ली सारे अंगण फरशीने बांधून काढण्याची हौस फार. तेथे फुले पायदळी जातात आणि मुळांना पाणीही पोहोचत नाही. बुंध्याभोवती निदान चार-पाच हात माती उघडी ठेवावी व सायंकाळी झाडून घ्यावी.

जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. आमचे पहिले रोप आम्ही न्हाणीच्या पाण्यावर लावले होते. पाणी आयतेच मिळेल, हा काटकसरी विचार! दुसऱ्या पावसाळ्यात मुळे कुजून ते गेले. बियांपासून रोपे होतात, परंतु पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची जून फांदी लावल्यास फुलांची वाट कमी पाहावी लागते. भिंतीला अगदी लागून लावू नये. सत्यभामेच्या अंगणातील झाडाची फुले रुक्मिणीकडे पडत, ही कथा सर्वश्रुतच आहे. शेजाऱ्यांशी सख्य असेल तर तसेही करण्यास हरकत नाही!

उन्हाळ्यात पाने झडून झाड उघडेबोडके दिसते. ते वाळले असे समजून पुष्कळजण तोडून टाकतात. तसे करण्यापूर्वी सालीवर नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. छाटणी करावयाची ती बहर सरल्यावर, नवी पालवी फुटण्यापूर्वी. पावसाळ्यात छाटले तर फुले येणाऱ्या नव्या फांद्याच जातात.

फुलांचे केशरी देठ सावलीत वाळवून ठेवावेत. पूर्वी त्यांच्या रंगाने रेशीम रंगवीत. रंग मोहक, परंतु कच्चा. म्हणून पाण्यात थोडी तुरटी घालावी, आणि प्रथम एखाद्या हातरुमालावर प्रयोग करून पाहावा.