मूत्रपिंडविकार आणि आपली दिरंगाई

वेदना हाच व्याधीचा एकमेव दाखला मानण्याची प्रवृत्ती आपल्याकडे इतकी रूढ आहे की, जो अवयव दुखत नाही तो निरोगीच असला पाहिजे, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे गृहीत धरतात. आणि या समजुतीने मूत्रपिंडांइतके नुकसान क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवाचे होत असेल. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून त्यातील जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकणाऱ्या आणि उरलेला सारा पुन्हा रक्तात रुजू करणाऱ्या या अवयवांच्या ठायी सामर्थ्याची शिल्लक एवढी मोठी असते की, जवळजवळ निम्मी कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याचा आकडादेखील पुष्कळदा मर्यादेतच दिसतो.

म्हणूनच मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्याने पायांवर सूज येण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढला जाणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज, तपासून घ्यावा, आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या, मूत्रपिंडांना अपाय करू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेण्याची सवय सोडावी. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर विकार जडला असे समजावे. तो ३० च्या खाली गेला, झपाट्याने घसरू लागला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन मोठ्या प्रमाणात जाऊ लागले, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडे, जाण्यास विलंब करू नये.

परंतु नेमका येथेच माणूस अडतो. ‘तिकडे गेले की डायलिसिसवर टाकतात’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि त्या धास्तीपोटी वर्ष-दोन वर्षे भस्मे-काढ्यांत गेल्यावर रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा मानेतील शिरेत नळी घालून तातडीने डायलिसिस करण्यावाचून इलाज उरत नाही. हाताची रोहिणी व नीला जोडून केलेला फिस्टुला जंतुसंसर्गाच्या दृष्टीने कितीतरी सुरक्षित. पण तो वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि ती मुदत उशिरा आलेल्याजवळ नसते. वेळेवर आलेल्याला मात्र रक्तदाबाच्या योग्य औषधांनी, अलीकडच्या एसजीएलटी-२ गटातील गोळ्यांनी आणि मिठावरील संयमाने डायलिसिस वर्षानुवर्षे पुढे ढकलता येण्याची शक्यता असते. प्रत्यारोपणाचा विचारही घरच्यांशी शांतपणे करता येतो.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले, हे निःसंशय स्तुत्य आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जखडलेल्या मजुराचा रोज बुडतो, त्याची भरपाई कोणती योजना करणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासला जातो त्याच वेळी लघवीतील अल्ब्युमिनही तपासले जावे, दोष मोठा आढळल्यास तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी त्याच दिवशी रुग्णाच्या हाती पडावी, आणि महिन्यातून काही ठरलेल्या दिवशी तरी तो तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असावा, अशी तजवीज आरोग्य खात्याने विनाविलंब केली पाहिजे.