दुखणं पायाचं, कारण बाटलीतलं

आपल्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाचे हातपाय दुखायला लागले, की उपाय ठरलेले असतात. पहिल्यांदा तेल. मग मेडिकलमधून कुणाला न विचारता आणलेली गोळी. त्यानेही भागलं नाही, तर कुठल्या तरी गावचा ‘वाताचं औषध’ देणारा माणूस. डाळ बंद, टोमॅटो बंद, आंबट बंद, वांगं तर आधीपासूनच बंद. एकच गोष्ट बंद होत नाही आणि तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही. ती म्हणजे संध्याकाळची बाटली.

बचत गटांच्या कामामुळे वस्तीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांशी माझं नेहमी बोलणं होतं. दारूचा विषय निघाला की मारहाण, उधारी, मुलांची थकलेली फी हे सगळं त्या सांगतात. दुखण्याची गोष्ट मात्र वेगळ्या खात्यात टाकलेली असते. ‘ते पितात’ हे एक आणि ‘त्यांचे पाय दुखतात’ हे दुसरं. ही दोन्ही वाक्यं जोडून सांगणारी बाई क्वचितच भेटते. डॉक्टरांपुढे तर नाहीच. डॉक्टर विचारतात, “दारू घेता का?” नवरा म्हणतो, “छे हो, कधीतरी लग्नकार्यात.” आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली बायको खाली बघते.

या खाली बघण्याची किंमत फार मोठी आहे. कारण दारूमुळे हातपाय दुखणं हा काही एकच आजार नव्हे. त्यात पाच-सहा वेगवेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. काही वेळेवर ओळखली तर आटोक्यात येतात, वेळ गेली की माणूस जन्माचा लंगडा होतो. आणि ओळखण्याच्या बऱ्याचशा खुणा घरातच दिसतात, म्हणजे आपल्याच डोळ्यांपुढे.

सगळ्यांच्या ओळखीचं दुखणं म्हणजे गाऊट. आपल्याकडे ‘युरिक ॲसिड वाढलंय’ म्हणतात ते. गटारीला मटणाच्या जोडीला बाटल्या रिकाम्या होतात आणि एक-दोन दिवसांत मध्यरात्री माणूस ओरडत उठतो. पायाचा अंगठा लालबुंद, गरम, सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. शरीरातलं युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं करतात. दारूमुळे ते मंदावतं, शिवाय ते तयारही जास्त होतं. मग त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमतात. “मी फक्त बियरच घेतो, दारू नाही,” असं म्हणणाऱ्यांनी तर हे नीट ऐकावं. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात गाऊटचा सर्वांत जास्त धोका बियर पिणाऱ्यांना दिसला, त्याखालोखाल कडक दारू पिणाऱ्यांना. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या स्वयंपाकघराच्या कामाची आहे. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, पण डाळी-कडधान्यं, पालक वगैरे खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. म्हणजे घरात वरण बंद करायचं आणि बाहेर कलेजी फ्राय नि बियर चालू ठेवायची, हा आपल्याकडचा पथ्याचा प्रकार अगदीच उलटा झाला!

गाऊटचा झटका आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतो, म्हणून तो विसरलाही जातो. झटका चालू असताना केलेल्या रक्ताच्या तपासणीत युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मलही येतं. त्यामुळे एका रिपोर्टवर निश्चिंत होऊ नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. मात्र सांधा लाल होऊन सोबत थंडी-ताप असेल तर तो गाऊटच आहे असं धरून घरी बसू नये. सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरं दुखणं याच्या अगदी उलट चालीचं. ते गाजावाजा न करता येतं. आधी तळपायांची आग, मग मुंग्या, मग बधिरपणा. दोन्ही पायांना सारखाच त्रास, पायमोजे घातल्यासारखा खालून वर चढत जाणारा. बायका मला सांगतात, “रात्री ओल्या फडक्याने पाय पुसले की जरा बरं वाटतं त्यांना.” मी लगेच विचारते, “चालताना पायातली चप्पल निसटते का? आणि निसटलेली त्यांना कळते का?” बऱ्याच जणी चमकतात. चप्पल रस्त्यात राहते आणि माणूस पुढे चालत जातो, ही गोष्ट घरात चेष्टेचा विषय झालेली असते. “पिऊन आले होते, त्यांना कुठलं भान!” असं म्हणून सगळे हसतात. पण सकाळी शुद्धीवर असतानाही चप्पल निसटलेली कळत नसेल, तर पायांच्या नसा खराब होत आहेत.

दारू नसांना थेट इजा करते. त्यात भर म्हणजे रोज पिणारा माणूस नीट जेवत नाही. चार शेंगदाणे, थोडा फरसाण, झालं जेवण. शरीराला लागणारं बी-१ जीवनसत्त्व, त्याला थायमिन म्हणतात, ते पोटात जातच नाही. जे थोडं जातं, ते दारूमुळे अंगी लागत नाही. लवकर लक्षात आलं, दारू थांबली आणि ही जीवनसत्त्वं डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळाली, तर नसा हळूहळू सुधारू शकतात. त्याला महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर पूर्ण सुधारणा होतेच असं नाही. बधिर पायाला जखम झालेली कळत नाही, ती चिघळते. घरात डायबेटिस असेल तर ही काळजी दुप्पट, कारण तळपायांची आग त्यानेही होते. म्हणून साखरही तपासून घ्यावी. आणि अशा माणसाची चाल अचानक डगमगू लागली, एकाचे दोन दिसू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर ‘आज जास्त झाली’ म्हणून झोपवून ठेवू नका. थायमिनच्या कमतरतेने मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो, आणि त्याला तातडीने इंजेक्शनच लागतं.

आता खुब्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त घरं यानेच बसलेली मी बघितली आहेत. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत बसतो. त्याचा रक्तपुरवठा आधीच नाजूक. वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्यांत तो तुटायला लागतो आणि हाडाचा माथा आतल्या आत मरतो, पुढे ढासळतो. डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. २०२१ मध्ये करोनाच्या उपचारात स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांना हा आजार झाल्याच्या बातम्या मुंबईतून आल्या, तेव्हा हे नाव थोडंफार कानावर पडलं. पण दारू हे त्याचं जुनं आणि मोठं कारण आहे. आणि तो म्हातारपणी येत नाही. तिशी-चाळिशीतल्या, ऐन कमावत्या माणसाला गाठतो.

याची खूण काय? दुखतं जांघेत. कधी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते, म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढला जातो आणि तो छान येतो. कुणी सांगतं, “मणक्यात गॅप आहे.” मग महिनोन् महिने कमरेला पट्टा. पण घरातल्या बाईला विचारा. ती सांगेल की ताटावर बसताना ह्यांना मांडी घालता येत नाही, एक पाय लांब सोडून बसतात. मोटारसायकलवर टांग टाकताना कळ येते. उकिडवं बसता येत नाही, म्हणून संडासला जायचीही पंचाईत. हे तिने डॉक्टरांना सांगितलं, आणि जोडीला दारूचंही सांगितलं, तर हाडांचे डॉक्टर खुबा तपासतील. सुरुवातीला साधा एक्स-रेही चांगला दिसू शकतो, एमआरआयमध्ये कळतं. बऱ्याचदा दुसऱ्या बाजूचा खुबाही पोखरायला लागलेला असतो. त्या टप्प्यावर हाडात छोटं भोक पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते, सांधा वाचण्याची आशा असते. माथा ढासळला की मग सांधा बदलणं आलं. पस्तिशीच्या गवंड्याला कृत्रिम खुबा बसवला, तरी तो पुन्हा घमेलं घेऊन परांचीवर चढणार आहे का? घर चालवायची जबाबदारी मग कुणावर येते, ते सांगायला नको.

आणि इथेच त्या वाताच्या पुड्यांबद्दल बोलायला हवं. पुडी खाल्ली की दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं अनेकदा आढळलं आहे. म्हणजे दारूने पोखरलेल्या खुब्यावर वरून स्टिरॉइडचा घाव. ज्या औषधाचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि गुण मात्र चमत्कारासारखा, ते औषध घरात येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकलमधली वेदनाशामक गोळीही दारूबरोबर साधी राहत नाही. जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं होणं ही त्याची खूण. निरुपद्रवी समजली जाणारी पॅरासिटॅमॉलसुद्धा रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाते.

बाकी दोन-तीन गोष्टी थोडक्यात. एकाच रात्री बेसुमार पिऊन दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या सुजून ठणकत असतील आणि लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. ताबडतोब दवाखाना. रोज पिणाऱ्याला जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला, तर स्नायू झिजत असतील. पिऊन हातावर डोकं ठेवून किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेला माणूस सकाळी उठतो आणि मनगट लुळं पडलेलं असतं. घरात रडारड होते की लकवा मारला. पुष्कळदा ती दबलेली नस असते, काही आठवड्यांनी-महिन्यांनी ठीक होते. पण लकवा नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

“अंग दुखतं म्हणून घेतो,” हे वाक्य ऊसतोड, हमाली, बांधकाम करणाऱ्यांच्या घरी हटकून ऐकू येतं. ते खोटंही नाही. दिवसभर पोती उचललेल्या माणसाचं अंग दुखतंच, आणि दारूने तासभर वेदना बोथट होते. पण झोप तुटक होते, शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि सकाळी अंग कालच्यापेक्षा जास्त दुखतं. त्यामुळे संध्याकाळी पुन्हा. त्या माणसाला नुसतं रागावण्यापेक्षा हे चक्र समजावून सांगितलं तर तो निदान ऐकून तरी घेतो, असा माझा अनुभव.

आणि हो, हे फक्त पुरुषांचं दुखणं नाही. वस्तीत पिणाऱ्या बायका आहेत, तशा फ्लॅटमधल्याही आहेत. बाईच्या शरीराला कमी दारूही जास्त बाधते. पाळी जाईपर्यंत गाऊटपासून थोडं संरक्षण असतं, पुढे तेही राहत नाही. बाई डॉक्टरांकडे खरं सांगण्याची शक्यता तर पुरुषापेक्षाही कमी. तिच्या लेकीने, बहिणीने हे लक्षात ठेवावं.

मग आपण करायचं काय? नवऱ्यासमोर बोलायची भीती वाटत असेल, आणि ती भीती खरी असते, तर डॉक्टरांना एकटीने भेटा, किंवा सिस्टरजवळ सांगून ठेवा. किती वर्षांपासून, रोज किती, शेवटची कधी घेतली, जेवतात का, आणि घरात दिसलेल्या या खुणा. कागदावर लिहून नेलं तरी चालेल. ही चुगली नाही. डॉक्टर त्यावर उपचार ठरवणार असतात.

दारू सोडवायची म्हणून माणसाला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. चहात गुपचूप घालायच्या जाहिरातीतल्या पावडरीही नकोत. दारू सोडण्याच्या खऱ्या गोळ्या असतात, पण त्या रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. न सांगता दिल्या आणि तो वर प्यायला, तर प्रकरण अंगाशी येतं.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथे रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोललं जातं. पिणाऱ्यांच्या नातलगांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. काहीच जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. शस्त्रक्रिया निघालीच, तर ती सरकारी योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. तिथे पिणाऱ्याच्या घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.